औषध घेणे आणि औषध मारणे

मी आशाबाई लटारू मोहुर्ले, वय त्रेसष्टच्या आसपास, धंदा शेती आणि मजुरी, राहणार मौजा पिंपळबोडी, जिल्हा चंद्रपूर, आज कोणाच्या धाकाने नाही, कोणाच्या गोडीगुलाबीला भुलून नाही, तर पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र करून ठेवते. 'रागात' हा शब्द संघप्रियाला काढायचा होता. असला शब्द अशा कागदात बसत नाही म्हणे. मी म्हटले, बसव.

संघप्रिया ही आमच्याच गावची पोरगी. चंद्रपूरला वकिली करते. मी बोलते, ती लिहिते आणि लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवते. तिने मध्येच एखादा शब्द गुळगुळीत केला की मला लगेच कळते, आणि मी तो पुन्हा खरबरीत करून घेते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी वार विचारला, गावाचे नाव विचारले, मुलांची नावे विचारली. मुलाचे नाव सांगताना माझा आवाज चढला. बाई, तब्येत सांभाळा, एवढेच ते म्हणाले.

पहिली गोष्ट नावाची. नवऱ्याचे नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. कागदाला लागते म्हणून वर एकदा लिहू दिले. यापुढे मी त्यांना भूपेशचे बाबा म्हणेन. आयुष्यभर तेच म्हणत आले, आणि हा कागद ज्याच्या कानावर पडायचा आहे त्यानेही तेच ऐकावे अशी माझी इच्छा आहे.

दुसरी गोष्ट एका पदार्थाची. धानावर, कापसावर जे फवारतात त्याला आमच्याकडे औषध म्हणतात. दुकानदार औषध म्हणतो, साहेब औषध म्हणतात, मीही म्हणत होते. या मृत्युपत्रात त्याला जहर म्हटले आहे. जिथे कोणी बोलताना औषध म्हटले तिथे तेवढेच औषध लिहिले आहे. कारण सगळे नुकसान त्या एका शब्दानेच झाले, आणि ते कसे झाले ते जमिनीच्या कलमात येईल.

माझे वारस दोन. मुलगा भूपेश आणि मुलगी दामिनी. भूपेशची बायको पायल, त्यांची पोरगी दिव्यानी. बाकी मेल्यावर जे रडायला येतील ते वारस नाहीत.

घर. घरकुलात मिळालेले दोन खोल्यांचे घर माझ्या नावावर आहे. ते मी दामिनीला देते. तिचे सासर मूलच्या पलीकडे आहे, ती इथे राहायला येणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी देते. तिचे पहिले जमलेले लग्न मोडले तेव्हा मुलाकडच्या बाईने याच घराच्या ओसरीवर बसून, चहा पिऊन, वर विचारले होते की बापच असा निघाला तर पोरगी कशी निघेल. दामिनी आत दाराआड उभी होती. त्या ओसरीची मालकीण आता दामिनी आहे. तिथे कोणाला बसू द्यायचे आणि कोणाला नाही ते तिने ठरवावे.

भांडी, पलंग, शिलाई मशीन आणि दोन शेळ्या पायलला. पोरगी गुणाची आहे, नवरा तिने निवडला नव्हता. तिला मात्र माझे काही सांगणे आहे आणि ते तिने सासूची कटकट समजू नये. भूपेशचे त्याच्या जहराच्या दुकानातले कपडे दिव्यानीच्या कपड्यांत मिसळून धुवायचे नाहीत, त्यांची बादली वेगळी. दुकानातून येणारी जहराची निळी रिकामी डबकी, म्हणजे प्लास्टिकचा कॅन, कितीही मजबूत असली तरी त्यात पाणी, तेल, डाळ काही भरायचे नाही. मागच्या उन्हाळ्यात दिव्यानी तसल्या डबकीचा नगारा करून वाजवत होती. मी ती हिसकावली तेव्हा पोर रडली आणि भूपेश म्हणाला की धुतलेली आहे. डबकीला भोक पाडून जमिनीत पुरायचे असते असे त्याच्याच दुकानाच्या भिंतीवर लावलेल्या चित्रात आहे. त्या चित्रावर तो कॅलेंडर टांगतो.

बँकेत जे निघेल ते दिव्यानीच्या शिक्षणाला. कानातले तिला. ती मोठी होऊन शेतीच करीन म्हणाली तर करू द्यावी, फक्त तिच्या पाठीवर पंप देऊ नये.

पंप. भूपेशच्या बाबांचा फवारणीचा पंप घराच्या आड्याला टांगलेला आहे. सात वर्षे तो मी कोणाला दिला नाही. बाई, वापर नाही तर देऊन टाका म्हणून बरेच जण येऊन गेले. त्याची टाकी खालून गळते. गळायची तेव्हा भूपेशचे बाबा पाठीला पोत्याचा तुकडा बांधायचे, पोते भिजायचे, पाठ लाल व्हायची आणि मी रात्री खोबरेल चोळायची. तो पंप मी भूपेशला देते. त्याने तो आपल्या कृषी केंद्रात, गल्ल्याच्या वर, गिऱ्हाइकाला दिसेल असा टांगावा. तुझ्याकडे हातमोजे, तोंडाला बांधायचे असते का, असे मी त्याला विचारले होते. ठेवून का करू, कोणी घेऊन नाई राह्यलं, असे म्हणाला. पंप टांगल्यावर कोणी घेते का ते त्याने पाहावे.

आता जमीन.

तलावाखालची दोन एकर बांधी, म्हणजे धानाचे शेत, आणि तिला लागून असलेली बोडी, म्हणजे आमचे लहानसे शेततळे, ही माझ्या वडिलांची, पत्रू गुरनुले यांची. त्यांना मुलगा नव्हता. त्यांनी बक्षीसपत्र करून ती माझ्या नावे केली. त्यामुळे ती कोणाला द्यावी हा माझा अधिकार आहे, यात कोणाची हरकत चालणार नाही.

भूपेशचे बाबा आमच्याकडे घरजावई म्हणून आले. गावाने त्यांना ते कधी विसरू दिले नाही. पानटपरीवर, लग्नात, पोळ्यात, बायकोच्या बांधीत राबणारा माणूस म्हणून हसले. ते स्वतःही हसायचे. त्यांना खरेच काही वाटत नव्हते. धान निसवला की बांधावर उभे राहून लोंबी हातात घ्यायचे आणि मला म्हणायचे, पाह्य, तुया बापाची जमीन माया हातचं आयकते. हा माणूस जिवाला कंटाळला होता असे ज्यांना वाटते त्यांनी त्याला त्या बांधावर पाहिलेले नाही.

जहर आमच्या गावात आधी दाणेदार आले. ते रेतीत कालवून बायाच फेकायच्या. फेकायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून बियाणे घेतो तसे लुगड्याच्या ओटीत घ्यायचे. ज्या ओटीत बायकांनी नारळ-तांदूळ घातले त्याच ओटीत मी ते कितीतरी हंगाम वागवले. कोणी सांगितले नाही की हे ओटीत घ्यायचे नसते. आज माझ्या हातापायांना मुंग्या येतात, सुई ओवता येत नाही. मी मेल्यावर काय झाले होते असे कोणी विचारले तर वय झाले होते असे सांगू नये. वयाच्या बाया गावात पुष्कळ जिवंत आहेत.

मग पंपाचे जहर आले. भूपेश तेव्हा एका कृषी केंद्रात नोकरीला होता. त्या दुकानाचे नाव मी लिहीत नाही. दोन एकरवाल्याला अख्खी बाटली लागत नाही, म्हणून असली दुकाने सुटे देतात. भूपेशने सात वर्षांमागे धानावरच्या तुडतुड्या किडीसाठी सरबताच्या बाटलीत दोन जहरे मिसळून आणली. दुकानदाराने मिसळून दिली होती. बाटलीला चिठ्ठी नाही, नाव नाही. बाबा, हे जोरदार आहे, एका फवाऱ्यात काम होते, असे तो म्हणाला होता.

दसऱ्यानंतरचे दिवस होते. धान छातीला लागत होता. भूपेशचे बाबा बनियनवर, अनवाणी, डोक्याला दुपट्टा बांधून फवारत होते. नोझल तुंबले की सगळे करतात तसे त्यांनी ते तोंडाने फुंकले. बांधावर बसून त्याच हाताने तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला आणि गालात धरला. मी त्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात मजुरीला होते. हे मला सांगितले वारलू निकुरे यांनी. ते बोडीच्या पारीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, बसून जाळे सांधत होते. वारलूभाऊ आमच्या बोडीत मासोळीचे बीज सोडतात, वाटा करतात, शेजारी आहेत. भूपेशचे बाबा पंपासकट पारीकडे आले, त्यांच्या तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने थबथबलेले. ते म्हणाले, वारलू, मले लोंबी दिसून नाई राह्यली. मग ते खाली बसले ते उठलेच नाहीत. वारलूभाऊंनी त्यांना पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणले. भूपेश मोटारसायकलवर आला, मीही धावत पोहोचले, आणि आम्ही त्यांना रस्त्यावरच्या एका डॉक्टरकडे नेले.

आता नीट लिही, संघप्रिया.

आमच्या बोलीत औषध मारणे म्हणजे फवारणे, आणि औषध घेणे म्हणजे जीव द्यायला पिणे. गावातल्या लहान पोरालाही हा फरक कळतो. डॉक्टरांनी विचारले, काय झाले. मी नवऱ्याचे डोके मांडीवर धरून त्यांची लाळ पदराने पुसत होते. भूपेश म्हणाला, बाबानं औषध घेतलं.

डॉक्टरांनी लिहिले, विष प्राशन. कोणते, असेही विचारले. खरे सांगायचे तर त्या बाटलीत काय होते हे भूपेशलाही माहीत नव्हते. मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर भूपेशचे बाबा गेले. पोलिसांनी डॉक्टरांच्या कागदावरून आपला कागद केला. पारीवर कोण बसले होते हे कोणी विचारले नाही.

तो शब्द भूपेशच्या तोंडून घाईत निघाला असेल. बाप हातातून जात असताना माणूस शब्द तोलून बोलत नाही. ते मी त्याला त्याच दिवशी माफ केले. हे त्याला कोणी सांगितले नसेल तर आज ऐकावे. माफ केले नाही ते पुढचे.

तेरवी झाल्यावर मी त्याला म्हटले, चल, तो शब्द बदलून घेऊ, वारलूभाऊ येतात सोबत. पुन्हा म्हटले तेव्हा माझ्याकडे न पाहता बोलला, "आई, बाबा फवारता फवारता गेला म्हटलं त बाटली कोणं देल्ली ते विचारतीन. मेलेल्या माणसाले का फरक पडते?"

मी एकटीच गेले. या टेबलावरून त्या टेबलावर. प्रकरण बंद झाले आहे, मुलाचाच जबाब आहे, असे ऐकून परत आले. त्याच साली तिकडे कापसाच्या पट्ट्यात फवारणीने माणसे गेली तेव्हा पेपरवाले आले, मंत्री आले. आमच्या धानाच्या पट्ट्यात एक घरजावई गेला होता, आणि तो तर आपल्या हाताने गेला असा कागद होता. गावालाही ते सोयीचे झाले. बायकोच्या भाकरीला कंटाळला असेल, असे पानटपरीवर ठरले. त्या जुन्या चेष्टेला असा शेवट मिळाला. जे हसले त्यांची नावे मी लिहून घेणार होते. संघप्रिया म्हणाली, आजी, पाने वाढतात. म्हणून सोडली.

वर्षभरात त्या दुकानदाराने भूपेशला स्वतःचे कृषी केंद्र काढायला मदत केली. कशाबद्दल, हे दोघांपैकी कोणी बोलले नाही आणि मी विचारले नाही. दुकानाच्या पूजेला मला बोलावले होते. मी गेले. देवाच्या फोटोशेजारी भूपेशच्या बाबांचा फोटो, त्याला हार. तो पाहून मी प्रसाद न घेता पायी घरी आले.

एवढे सगळे असूनही जमीन मला भूपेशलाच द्यायची आहे. हे दामिनीला ठाऊक आहे आणि तिची तक्रार नाही. तो माझा मुलगा आहे. त्याने बापाच्या मागे मागे फिरून त्याच बांधीत चिखल तुडवला, लोंबी ओळखायला शिकला. मी त्याच्यावर रागावलेली आहे, मी त्याला सोडलेले नाही. पण ज्या बांधीत त्याचा बाप मेला त्या बांधीत त्याने खोटे घेऊन उतरू नये. म्हणून अट घालते.

माझ्या तेरवीला, जेवणाआधी, पंगत बसलेली असताना, हे मृत्युपत्र भूपेशने स्वतः, उभे राहून, मोठ्याने, पहिल्या ओळीपासून वाचावे. मनात वाचू नये. दुसऱ्याच्या हाती देऊ नये. एक ओळही गाळू नये. संघप्रियाच्या हाती दुसरी प्रत राहील. या ठिकाणी आल्यावर त्याने खालची दोन वाक्ये म्हणावीत. ती मी मुद्दाम आमच्या बोलीत लिहून घेतली आहेत, म्हणजे पुस्तकी शब्दांच्या आड त्याला लपता येणार नाही.

"माया बाबानं औषध घेतलं नाई. मी आणलेलं जहर थो बांधीत मारून राह्यला होता."

म्हटली, तर बांधी आणि बोडी भूपेशची, कायमची, त्याच्यामागे त्याच्या लेकीची. त्याने तिथे काय पेरावे, काय फवारावे हे मी सांगणार नाही. नाही म्हटली, वाचता वाचता कागद खाली ठेवला, किंवा त्या दिवशी गावाला निघून गेला, तर संघप्रियाने उरलेले वाचून पुरे करावे आणि बांधी व बोडी दामिनीला जावी. मग त्याने कोर्टात जाऊ नये. गेला, तर तिथे त्याला बाटलीपासून सांगावे लागेल.

पंगतीत जे बसले असतील त्यांनी घास घेण्याआधी ऐकावे. तांदूळ याच बांधीचा असेल.

या मृत्युपत्राची व्यवस्था पाहायला मी संघप्रियाला नेमते. यापूर्वी मी कोणताही असा कागद केलेला नाही.

शेवटी वारलूभाऊंचे. बोडीतल्या मासोळीचा निम्मा वाटा कायम वारलूभाऊंच्या घराला द्यावा असे कलम मी आधी घातले होते. भूपेशच्या बाबांना पाठीवर वाहून आणणाऱ्या माणसाला मी दुसरे काय देणार. संघप्रिया म्हणाली, ज्याला मृत्युपत्रात काही दिले त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली तर कोर्टात त्याच्या साक्षीवर संशय घेतात. दोन्हींतले एक ठेवा. मी म्हटले, सही कोणीही करील, वाटा राहू दे. वारलूभाऊ दारात चपलांपाशी बसले होते. ते म्हणाले, "मासोळ्या नोको, बाई. मले सही करू द्या."

ते कलम खोडले आहे. वारलूभाऊंना मी काहीही देत नाही.

हे सर्व मला वाचून दाखवले. शब्द माझेच आहेत. म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर माझ्याच हाताने सही करते.

स्थळ: मौजा पिंपळबोडी, जिल्हा चंद्रपूर
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२४

(सही) आशाबाई लटारू मोहुर्ले

साक्षीदार

१. संघप्रिया अश्वजित रामटेके, वकील. आशाबाईंनी सांगितले तसे लिहिले, वाचून दाखवले, त्यांनी माझ्यासमक्ष सही केली.
(सही)

२. वारलू सोमा निकुरे, धंदा मासेमारी, राहणार पिंपळबोडी. आशाबाईंनी माझ्यासमोर सही केली, ती मी पाहिली. लटारूभाऊ बांधीत फवारत होते तेव्हा मी पारीवर होतो. तेही मी पाहिलं. तेव्हा माझी सही कोणी घेतली नाही.
(सही)